तिकडे आहे काय, असं विचारणाऱ्यांना

आज सकाळी आमच्या नागपुरातल्या कॉलनीच्या ग्रुपवर मी आमच्या प्रवासाचे फोटो टाकले. त्याखाली एका गृहस्थांनी लिहिलं, "एवढं भाडं भरून घरासारखी गाडी घेतली आणि गेलात कुठे, तर पवनी-अर्जुनीला? तिकडे आहे काय बघायला? समृद्धीवर टाकली असती तर आठ तासांत मुंबई." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एकाने वर भर घातली, "झाडीत गेले होते, झाडं मोजायला." झाडी म्हणजे झाडीपट्टी, आमच्या पूर्वेकडचा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख.

तिथे मी गप्प राहिले. इथे बोलते. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी गाडीचं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली कॅम्पर व्हॅन आम्ही भाड्याने घेतली होती. आत झोपायची सोय, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलर, वापरायच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी आणि संडास. या शेवटच्या वस्तूसाठीच घेतली. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. कित्येक वर्षं त्या कुठेही येत नाहीत, कारण तिथे बसायचं कसं हा एकच प्रश्न. बायकांना हे समजावून सांगायला नको. निघायच्या आधीपासून पाणी तोडायचं, धाब्यामागच्या त्या खोलीचं दार उघडून तसंच लावून घ्यायचं आणि पुढच्या गावापर्यंत पोट आवळून बसायचं. पुरुष म्हणतात, त्यात काय, थांबवू ना कुठेही. तुमचं ठीक आहे, तुम्ही थांबवा.

तर भाडं महाग होतं, मान्य. पण त्या भाड्यात एक म्हातारी बाई किती वर्षांनी घराबाहेर निघाली, त्याचा हिशेब कोण करणार?

कुठे जायचं हे सासूबाईंनी ठरवलं. त्यांचं माहेर लाखांदूरकडचं. म्हणून उमरेड, भिवापूर, पवनी, लाखांदूर, वडसा, अर्जुनी मोरगाव, नवेगाव बांध आणि साकोली-भंडाऱ्यावरून परत. भिवापूरला रस्त्याच्या कडेला मिरची वाळत पडली होती, जीआय मानांकन मिळालेली ती भिवापुरी. गाडीच्या काचा बंद असूनही सगळ्यांना ठसका लागला. पवनीपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, पण पवनीत उतरून कोण बघतं? वैनगंगेच्या काठावरचं गाव, जुन्या तटबंदीचा मातीचा उंच बांध अजून उभा. आणि जगन्नाथ टेकडी. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, आपल्याच नागपूर विद्यापीठाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर केलेलं. मौर्यकाळाइतका जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प आहे. मी नागपुरात शिकले, इथेच नोकरी केली, शाळेच्या सहली काढल्या. पोरांना घेऊन सांचीला गेले, अजिंठ्याला गेले. पवनीचं नाव कोणीही काढलं नाही. दीक्षाभूमीच्या शहरापासून दोन तासांवर एवढा जुना स्तूप, आणि आपण विचारतो तिकडे आहे काय! मला तिथे राग आला तो अजून उतरलेला नाही.

पण मला सांगायचंय ते तळ्यावरच्या बाईंचं.

लाखांदूरच्या पुढे संध्याकाळ झाली. तिकडे लॉज वगैरे शोधायचा नव्हता, घर सोबतच होतं. एका गावाबाहेर मोठं तळं दिसलं, पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झालेल्या. यांनी गाडी झाडाखाली लावली. लगेच पोरं जमली, मग माणसं. सगळ्यांचे तेच प्रश्न जे आपल्या कॉलनीतही विचारले जातात: कितीची गाडी, ॲव्हरेज काय, एसी चालतो का, टीव्ही आहे का. तेवढ्यात तळ्यातून एक बाई वर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काचा मारलेला, हातात उपटलेल्या वेलींचा भारा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि मला विचारलं,

"ताई, यातलं घान पानी कोठं सोडता जी?"

नागपुरात गाडी दारात उभी होती तेव्हा कितीतरी सुशिक्षित माणसं आत डोकावून गेली. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

मी त्यांना टाकी दाखवली, नळ बंद असल्याचं दाखवलं, संडासाची पेटी वेगळी निघते तेही दाखवलं. त्यांनी नळाला हात लावून खात्री केली. मग म्हणाल्या, ठीक आहे, राहा, पण गाडी पारीवर नको, पार दबते, खाली देवळाजवळ लावा. आम्ही मुकाट्याने लावली. ते तळं त्यांचं होतं, सातबाऱ्यावर नसलं म्हणून काय झालं. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या त्या. त्यांच्या गटातल्या बायकांनी त्या तळ्यातलं बेशरम उपटून काढलं होतं आणि जिथे मासा अंडी घालतो तिथे पाण्यातल्या वनस्पती पुन्हा लावल्या होत्या. बेशरम तुम्ही पाहिलंच असेल, जांभळट फुलांचं, आपल्या नाल्यांच्या कडेनेही माजतं. तळ्यात शिरलं की तळं आटतं आणि मासा जातो. पूर्व विदर्भात अनेक गावांत बायकांनी हे काम केलं आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आणि गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला तळं समजावून सांगितलं. नुसतं दाखवलं नाही, समजावलं. पाणी जास्त झालं की सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, खालच्या तळ्यात जातं, तिथून त्याच्या खालच्या. शेताला पाणी द्यायला तुडूम, म्हणजे पारीच्या आतल्या अंगाने पायरी-पायरीने उतरत गेलेलं बांधकाम, प्रत्येक पायरीला भोक. पातळी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. पंप नाही, वीज नाही, इंजिनिअर नाही. पाऊस सप्टेंबरातच दगा देऊन गेला तरी धानाला शेवटचं पाणी मिळावं एवढ्यासाठी सगळी रचना. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, चार जिल्ह्यांत अशी हजारो तळी आहेत. बरीचशी कोहळी समाजाने बांधलेली. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात त्यांना काशीकडून आणलं असं सांगतात. तळी बांधा, ऊस लावा, गावं वसवा. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तळी सरकारकडे गेली, माजी मालगुजारी तलाव झाली आणि त्यांची देखभाल कोणाची हा प्रश्न तिथेच लटकला. पार फुटली तर गावाने कोणाला सांगायचं? बाबा म्हणाले, आधी प्रत्येक घरातून एक माणूस पारीवर माती टाकायला यायचा, आता अर्ज जातो.

मला सांगा, हे बघायला मी समृद्धीवरून जायला हवं होतं का?

समृद्धी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला, माझी लेक त्याच रस्त्याने मुंबईहून येते आणि वेळेत पोचते. बस. पण १२० च्या वेगाने जाताना दोन्ही बाजूंना कुंपण आणि पुढे टोलनाका, यापलीकडे काय दिसतं? रस्ता पोचण्यासाठी आहे, त्याने पोचा. त्याला प्रवास म्हणू नका आणि जो प्रवास करून आला त्याला हसू नका.

आता सासूबाईंचं. हे लिहू की नको असा विचार करत होते, पण सकाळी ग्रुपवर "झाडीत" असा शब्द आला म्हणून लिहिते.

सासूबाई लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आल्या. त्यांच्या माहेरच्या बोलीत तळं म्हणजे तरा, डोळे म्हणजे डोरे. सासरची माणसं हसायची. दीर मुद्दाम पाहुण्यांसमोर बोलायला लावायचे. त्यांनी ते बोलणं सोडून दिलं, इतकं की त्यांच्या मुलालाही, म्हणजे आमच्या यांनाही, आईची ही भाषा माहीत नव्हती. मी या घरात आल्यापासून ऐकलेली नव्हती. त्या रात्री तळ्यावरच्या बाई चुलीवरची मरळीची भाजी घेऊन आल्या, सासूबाईंजवळ बसल्या, आणि दोन वाक्यांत सासूबाई त्या बोलीत गेल्या. सहज, जराही न अडखळता. कोणाची कोण, कोणत्या गावची, तुमच्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, कधी भरतो. हे दारात उभे राहून ऐकत होते. आईला इतकं बोलताना मी पाहिलंच नाही म्हणाले. गाडीत काय काय सापडलं असं विचारता ना, आम्हाला सासूबाई सापडल्या.

आणि मग नाटक. भाऊबीज झाली की तिकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, होळीच्या आसपासपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात. वडसा हे त्याचं केंद्र, नाटक कंपन्यांच्या पाट्याच पाट्या लागलेल्या, गावोगावची माणसं तिथे येऊन तारखा ठरवतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीसाठी. आपल्याकडे देशपांडे सभागृहात तिकीट फुकट असलं तरी मागच्या रांगा रिकाम्या, आणि तिथे थंडीत घोंगड्या घेऊन, तिकीट काढून, बायका-पोरांसकट हजारांनी माणसं. रात्री दहाला घंटा, पहाटे नाटक संपतं. नाटक भडक होतं, मधली नाचगाणी मला फार आवडली नाहीत, हेही सांगून टाकते. पण सासूबाई पहाटेपर्यंत खुर्चीवर बसल्या. जाऊ शकल्या कारण गाडी पन्नास पावलांवर होती, मधे दोनदा नेऊन आणलं. पुन्हा तीच गोष्ट. त्या गाडीवरून ज्यांनी ग्रुपवर चेष्टा केली त्यांच्या घरात म्हातारी माणसं नाहीत का?

तळ्यावरच्या बाई आमच्याबरोबर नाटकाला होत्या. परत येताना त्यांनी मला पुन्हा विचारलं, टाकी भरली तर काय करता? म्हटलं, पंपावरच्या संडासात विचारून रिकामी करतो. देतात का करू? काही देतात, काही नाही म्हणतात.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. कागद चांगला आहे. पण आमच्या अख्ख्या वाटेवर टाकी रिकामी करायची एकही नीट जागा आम्हाला मिळाली नाही. मग या गाड्या वाढल्या की काय होणार? होणार काय, होऊन राहिलं आहे. एका मोठ्या तलावाच्या काठावर आमच्यासारखीच एक गाडी उभी होती, नंबर आपल्याकडचाच. स्पीकर लावलेला, बाटल्या काठावर, आणि गाडीखालून करड्या पाण्याचा ओघळ सरळ तलावात. यांनी जाऊन सांगितलं. उत्तर काय, तर "एवढ्या मोठ्या पाण्यात काय फरक पडतो काका." त्या पाण्यात बायका उभ्या राहून झाडं लावतात रे! तेच पाणी जनावरं पितात. तुमच्या घरच्या टाकीत सोडाल का? इतकं शिकून, एवढ्या महागाच्या गाडीत बसून, जो प्रश्न चिखलातून वर आलेल्या बाईला पहिला सुचतो तो तुम्हाला शेवटपर्यंत सुचत नाही. अशांना गाडी भाड्याने देऊच नये. देणाऱ्यांनीही गाडी परत आली की सांडपाण्याची टाकी तपासावी, रिकामी असेल तर कुठे केली ते लिहून घ्यावं.

लिहिता लिहिता हात थरथरला. पाणी पिऊन आले.

बरं, अर्जुनी मोरगावच्या पुढचं सांगते, ते ऐकून ग्रुपवरच्यांनाही गप्प बसावं लागेल. गोठणगाव-प्रतापगडचा रस्ता. इटियाडोह धरण जवळच. बाजूला धानाची शेतं, आणि एका वळणावर रंगीत पताकांच्या माळा. यांना वाटलं कुणाचं लग्न आहे. जवळ गेलो तर तिबेटी प्रार्थना-पताका. नॉर्ग्येलिंग, १९७२ साली वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. गोंदिया जिल्ह्यात! मठ आहे, शाळा आहे, आणि आजूबाजूला धानाची शेती. बर्फाच्या पठारावरून आलेल्या माणसांनी इथल्या मे महिन्यात कसे दिवस काढले असतील, मला कल्पना करवत नाही. आम्ही गेलो तेव्हा वसाहत अर्धी रिकामी होती, कारण हिवाळ्यात कितीतरी जण स्वेटर विकायला शहरांत जातात. नागपुरात दर थंडीत स्वेटरांच्या दुकानांची रांग लागते, तिथे भाव करताना आपण कधी विचारलं का, की बाई तुम्ही राहता कुठे? मी विचारलं नव्हतं. एका आजींनी आम्हाला थुक्पा खाऊ घातला. सासूबाई आणि त्या आजी दोघींना एकमेकींचं फारसं कळत नव्हतं, पण गुडघ्यांवरून त्यांचं बराच वेळ जमलं. निघताना आजींनी कसलंतरी तेल दिलं, ते अजून रोज लावणं सुरू आहे.

नवेगावला तलावावर पट्टकादंब उतरलेले होते. हिमालय ओलांडून तिबेटकडच्या पठारांवरून येतात ते. दुपारी त्या आजी आणि संध्याकाळी हे पक्षी, मला बोलायला सुचेना. त्या तलावाला वेढून सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. तलाव बांधला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे १९७५ साली ज्या पाण्याभोवती राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, ते पाणी एका गावच्या पाटलाने अडवलेलं. जंगल बघायला येणारे वाघ विचारतात, तलाव कोणी बांधला हे विचारत नाहीत. वाघ दिसला नाही म्हणून चिडून परतणारी कुटुंबं मी तिथे पाहिली. पोरं विचारत होती, आता काय करायचं? समोर एवढं पाणी होतं.

सगळ्यांना असं जाणं जमणार नाही, कळतं मला. सुट्टी नसते, पैसे नसतात. गाडी नसली तरी अडत नाही. पवनीला एसटी जाते, वडशाला रेल्वे जाते. पण रात्री तिथे राहा. दिवसा जाऊन फोटो काढून संध्याकाळी घरी परतणाऱ्याला तो देश काही सांगत नाही. आम्हीही सहा वाजता परत फिरलो असतो तर तळ्यावरच्या बाई पाण्यातून वर येईपर्यंत निघून गेलो असतो. नाटक नसतं, सासूबाईंचं बोलणं नसतं.

दुपारी, ही पोस्ट अर्धी झाली असताना, त्याच बाईंचा फोन आला होता. नातवाच्या फोनवरून. सासूबाईंशीच बोलायचं होतं. आतल्या खोलीतून अर्धा तास झाडीबोली ऐकू येत होती, दार उघडं, आवाज मोठा. हे आज घरी होते, त्यांनी टीव्ही बंद केला.

कोणाला जायचं असेल तर मला मेसेज करा, गाडी कुठून घेतली ते सांगते, रस्ता सांगते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, त्यापुढे ऊन सोसवत नाही. तळ्याकाठी थांबायचं तर आधी गावात शिरून सरपंचांना किंवा मासेमारांच्या सोसायटीत विचारा, पारीवर गाडी चढवू नका, पाण्यात साबण नको. सांडपाण्याची टाकी निघताना पूर्ण रिकामी असू द्या आणि लहान गावात ती उघडूच नका, भंडारा किंवा साकोलीपर्यंत धरून ठेवा. नाटकाची तारीख वडशाला एक फोन केला की कळते. गाडीची उंची मोजून ठेवा, आडगावात विजेच्या तारा खाली आलेल्या असतात, आमच्या सोलरला दोनदा लागता लागता राहिल्या.